अपराध्यावर दया करायची का? (अस्तंब्याच्या निमित्ताने)

तळोदेकर
मंडळी, नमस्कार.

धनत्रयोदशीच्या सुमारास आमच्या तळोद्याहून सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या डोंगराकडे जाणारी वाट माणसांनी फुलून जाते. आपल्याकडचे आदिवासी बांधव तर असतातच, गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात. वर शिखरावर अश्वत्थामा ऋषी. समजूत सगळ्यांनी ऐकलेली असेल: मणी काढून घेतल्यावर राहिलेली कपाळाची जखम घेऊन तो सातपुड्यात हिंडतो आणि जखमेवर घालायला तेल मागतो. कोणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

यंदा घरात यावरून जुंपली. पुतण्याचं म्हणणं, "झोपलेल्या पोरांचे गळे कापणाऱ्याला तेल कशाला? भोगू दे की." आमच्या आक्का म्हणाल्या, "तेल मागतोय, राज्य नाही मागत." दोघांचंही मला पटलं, आणि तिथेच पंचाईत झाली.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती सांगताना "दया भूतेषु" आलं आहे. भुकेला, आजारी, मुकं जनावर यांची दया कोणालाही येते. पण ज्याने जाणूनबुजून वाईट केलं, तो या "भूतेषु"मध्ये बसतो का? शास्त्रात काय आहे ते लिहाच, पण तुम्ही स्वतः काय करता तेही लिहा. नुसते श्लोक चिकटवू नका ही विनंती.

कळण्याची_भाकरी
पहिला नंबर!
तेलाचा सध्याचा भाव बघता ऋषींनी तुपावर यावं, फरक फार राहिलेला नाही.

नंदुरबारी_गडी
तेल दि टाका भो, वाद कसाले घालतस?

अमळनेरचे_मास्तर
तळोदेकर, धागा चांगला काढलात. अपराध्यावरच्या दयेचा सगळ्यात थेट प्रसंग मला वाल्मीकींच्या युद्धकांडात दिसतो. रावण मेला आहे, हनुमान अशोकवनात निरोप घेऊन येतो आणि सीतेला विचारतो, "या राक्षसिणींनी तुम्हाला इतकं छळलं, यांना मारू का?" विचारतो म्हणजे मागतोच. कसं मारणार याची यादीही देतो, बुक्क्यांनी, लाथांनी. सीता नाही म्हणते. तिचं पहिलं कारण व्यवहाराचं आहे: या दासी, राजाच्या हुकमाने वागल्या. मग ती वाघ आणि अस्वलाची जुनी गोष्ट सांगते आणि शेवटी म्हणते, "कार्यं कारुण्यमार्येण न कश्चिन्नापराध्यति". पापी असो, पुण्यवान असो, अगदी वधाला पात्र असो, सज्जनाने करुणाच करावी, कारण अपराध घडत नाही असा कोणी नाही.

अपराध झालाच नाही, असं ती म्हणत नाही, हे लक्षात घ्या. वधार्ह हा शब्द ती स्वतः वापरते.

अवांतर: सोळावा अध्याय म्हटला की आपल्या धुळ्याचा तुरुंग आठवायला हवा. १९३२ साली विनोबांनी तिथे कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. "दया भूतेषु" हे गजाआडच्या माणसांसमोर बसून समजावलं गेलं, याचं मला कायम अप्रूप वाटतं.

धुळ्याचा_ठसका
मास्तर, ते कैदी स्वातंत्र्यासाठी आत गेलेले होते. दरोडेखोरांपुढे प्रवचन आणि सत्याग्रह्यांपुढे प्रवचन यात फरक आहे.

आणि दया दया करणाऱ्यांनी तुकोबांची पुढची ओळ नेहमी गिळू नये. "दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दळण कंटकांचें." पाळण आणि निर्दळण एकाच अभंगात, एकाच श्वासात. भिंतीवर मात्र "दया क्षमा शांती तेथे देवाची वसती" एवढंच रंगवतात. आमच्या गल्लीत ज्या भिंतीवर हे लिहिलंय, तिच्याच खालून दोन मोटरसायकली गेल्या.

कळण्याची_भाकरी
देवाची वसती होती, पार्किंगची नव्हती.

केळीवाला_रावेर
वाचत होतो, लिहिणार नव्हतो. पण तळोदेकरांनी "प्रत्यक्षात काय करता" विचारलं म्हणून.

आमच्या भागात वैर काढायची एक पद्धत आहे, ती रावेर-यावलवाल्यांना सांगायला नको. रात्री जायचं आणि उभी केळी कोयत्याने कापून टाकायची. आवाज होत नाही, आग दिसत नाही. खोडात पाणीच पाणी, एका घावात आडवं होतं. आमची बाग निसवणीवर आली होती. ज्यांना केळी माहीत नाही त्यांच्यासाठी: घड बाहेर पडायची वेळ, म्हणजे खत, पाणी, मजुरी सगळं घालून झालेलं आणि हातात अजून एक रुपया नाही. पहाटे पाणी धरायला गेलो तर चार ओळी झोपलेल्या. कापलेल्या तोंडातून चीक गळत होता, खाली माती काळी.

कोण ते दुपारपर्यंत कळलं. केळीचा चीक कपड्यावर पडला की जात नाही, धुतला की आणखी काळा पडतो. शेजारच्या मळ्यातल्या एका पोराचा सदरा त्याच्या आईने धुऊन वाळत घातला होता, बाहीपासून पोटापर्यंत डाग. त्यांच्याकडे त्या वर्षी केळीच नव्हती, कापूस होता. बांधावरून आमचं आणि त्याच्या बापाचं जुनं भांडण. बाप वारला, भांडण पोराने वारशात घेतलं.

पोलिसांत तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. ओट्यावर नाही चढली, खालीच उभी. "दादा, त्याले मारा, पाय तोडा, पन त्याले आत नका टाकू." माझी आई आत तांदूळ निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "तिले आदी पानी दे."

पुढे काय केलं ते सांगतो, पण आधी तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं?

असोद्याची_लेक
केळीवाले दादा, असं अर्ध्यात सोडून जाणं हाही गुन्हाच आहे.

वाघूरकाठ
+१. शेंगदाणे घेऊन बसलोय.

धुळ्याचा_ठसका
मी असतो तर केस शेवटपर्यंत चालवली असती. जिभाऊ, आई रडली म्हणून पोराला सोडायचं, तर जेलमध्ये कोणीच उरणार नाही. प्रत्येकाला आई असते.

अमळनेरचे_मास्तर
ठसकेराव, हेच वाक्य उलट्या बाजूने महाभारतात आहे. शांतिपर्वात द्युमत्सेन राजा आणि त्याचा मुलगा सत्यवान यांचा संवाद येतो (होय, सावित्रीचाच सत्यवान). वधाला नेल्या जाणाऱ्या माणसांना बघून सत्यवान बापाला विचारतो: एका चोराला मारलंत की त्याची बायको, आई, बाप, पोरं हेही मारले जातात, त्यांनी काय केलं? द्युमत्सेन म्हणतो, दंड नसेल तर जग चालायचं कसं? तो असंही सांगतो की पूर्वी नुसता धिक्कार पुरायचा, मग कठोर शब्द लागू लागले, मग दंडवसुली, आणि आता वधाचा दंड चालतो. दोघांपैकी कोणालाही तिथे मूर्ख ठरवलेलं नाही. मला महाभारत आवडतं ते यासाठी.

कोर्टाची_पायरी
धुळ्यात वकिली करतो, म्हणून थोडं रुक्ष लिहितो. आगळीक, म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं मुद्दाम नुकसान, यात नुकसान फक्त खासगी माणसाचं असेल तर साध्या प्रकारात फिर्यादीला तडजोड करता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यातही आहे. म्हणजे कायद्याने फिर्यादीच्या हातात दयेला थोडी जागा ठेवली आहे. वरच्या टोकाला राष्ट्रपतींना अनुच्छेद ७२ आणि राज्यपालांना १६१ खाली शिक्षा माफ किंवा कमी करता येते, तोच आपण म्हणतो तो दयेचा अर्ज.

पण अनुभवाने सांगतो, तडजोडीच्या दहा अर्जांत दया एखाद्यात. बाकीच्यांत फिर्यादी तारखांना कंटाळलेला असतो, किंवा पुढारी मध्ये पडलेला असतो. कंटाळ्याला दया म्हणू नका.

असोद्याची_लेक
मला एक खटकतंय. सीतेने राक्षसिणींना सोडलं. भागवतात द्रौपदीने अश्वत्थाम्याला सोडलं. केळीवाले दादांकडे "पाणी दे" म्हणाली तीही आई. मोठ्या मनाचा ठेका बायकांकडेच कसा काय? नुकसान तिचं, लेकरं तिची, आणि वर दयाही तिनेच करायची. घरोघरी हेच. नवऱ्याने मारलं, सोड; दिराने जमीन लाटली, सोड; "तू समजूतदार आहेस ना". मला कोणी समजूतदार म्हटलं की मी पहिल्यांदा माझी पर्स तपासते.

कळण्याची_भाकरी
तुम्ही फार समजूतदार आहात ताई.

असोद्याची_लेक
पर्स आहे जागेवर. हात मागे घ्या.

अमळनेरचे_मास्तर
ताई, आक्षेप रास्त आहे. आणि गंमत अशी की तुमच्या बाजूने द्रौपदीच उभी राहील. व्यासांच्या सौप्तिकपर्वात ती अजिबात मवाळ नाही. पाच मुलं गेल्यावर ती प्रायोपवेशनाला, म्हणजे आमरण उपोषणाला, बसते, अश्वत्थाम्याचा वध झाल्याशिवाय उठणार नाही म्हणते, त्याच्या मस्तकातला मणी आणा म्हणून भीमाला पाठवते. मणी हातात आल्यावर ती थांबते. "सोडा, सोडा याला, याची आई माझ्यासारखी रडायला नको" असं म्हणणारी द्रौपदी भागवताच्या पहिल्या स्कंधातली. दोन ग्रंथ, दोन द्रौपद्या.

त्याही आधी वनपर्वात ती युधिष्ठिराला प्रल्हाद-बळीचा संवाद ऐकवते. बळी आजोबांना विचारतो, क्षमा बरी की तेज? प्रल्हाद म्हणतो, "न श्रेयः सततं तेजो न नित्यं श्रेयसी क्षमा". कायम कडकपणा बरा नाही, कायम माफी बरी नाही. मग अगदी व्यवहारी खुलासा करतो. ज्याने पूर्वी तुमच्यावर उपकार केले त्याला माफ करा. अजाणतेपणी चुकला त्याला करा. पहिला अपराध कोणाचाही असो, माफ करा. दुसरा केला तर लहानसा असला तरी सोडू नका. आणि जाणूनबुजून करून वर "मला कळलं नाही" म्हणणाऱ्याला तर पहिल्याच खेपेला धरा. हे सगळं द्रौपदीच्या तोंडून आलेलं आहे, आणि ऐकणारा नवरा गप्प बसून क्षमेची स्तुती करणार आहे.

धुळ्याचा_ठसका
बघा! माझंच म्हणणं प्रल्हाद म्हणतो.

आणि भागवताचं नाव काढलंच आहे मास्तर, तर पुढचा अध्यायही सांगा ना. द्रौपदीने सोडवला, अर्जुनाने मणी आणि केस कापून हाकलला. त्यानंतर त्याने काय केलं? उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं. कृष्ण मध्ये आला म्हणून परीक्षित वाचला. आपल्या घरात कृष्ण नसतो. दया करणारा एक आणि तिची किंमत मोजणारी दुसरीच, पोटुशी बाई. हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

अमळनेरचे_मास्तर
याचं सोपं उत्तर नाही. सौप्तिकपर्वात क्रम वेगळा आहे, तिथे गर्भावरचं अस्त्र आधी आणि मणी नंतर. पण भागवतापुरता तुमचा मुद्दा खरा. मी तो वर्गात कधी टाळलेला नाही.

सालदाराचा_पोरगा
वर सगळे दया देणारे बोलताहेत. घेणाऱ्याचंही ऐका.

माझे वडील सालदार. बाहेरच्यांसाठी: आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होतं, आखाजीला संपतं. वर्षाचा ठराव, वर धान्य, आणि गरजेला उचल. मालक दयाळू म्हणून पंचक्रोशीत नावाजलेला. जुने कपडे द्यायचा, दिवाळीला फराळाचं ताट यायचं, मला पाटी-दप्तर त्यानेच घेतलं. हे खोटं नाही, मी विसरलेलो नाही. पण साल वाढवून मागितलं की त्याचा चेहरा बदलायचा. "इतकं करतो तुमच्यासाठी, तरी?" उचल फिटायची नाही, त्यामुळे पुढच्या आखाजीला दुसरीकडे जायची सोय नाही. वडील एकदा तापाने चार दिवस पडले तर खाडे कापले आणि संध्याकाळी डॉक्टरला घेऊन तोच आला. औषधाचे पैसे त्याने दिले. कापलेल्या खाड्यांपेक्षा जास्तच दिले असतील.

मला त्या माणसाचा राग येत नाही. पण हक्काचं द्यायला नको म्हणून केलेली दया मी ओळखतो. तिचा वास येतो. तेव्हा "अपराध्यावर दया करावी का" याआधी मी विचारेन, दया करणाऱ्याचं आपलं खातं चोख आहे का?

असोद्याची_लेक
दादा, धाग्यातला सर्वात जड प्रतिसाद. अनुमोदन.

कोर्टाची_पायरी
+१

जंक्शनचा_माणूस
विषयांतराबद्दल माफी, पण जरा हलकं व्हावं म्हणून. भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. लहानपणी आम्ही पोरं फलाटावर बादल्या-तांबे घेऊन गाडीच्या खिडक्यांतून पाणी द्यायचो. एका डब्यात पोलीस बेड्या घातलेला कैदी घेऊन बसलेले. त्याने ओंजळ पुढे केली, बेडीमुळे दोन्ही हात एकदमच आले. आमच्यातला मोठा पोरगा थबकला, याला द्यायचं का? हवालदार ओरडला, "अरे ओत ना बाबा, गाडी सुटेल." त्या घाईत कोणालाच विचार करता आला नाही. अर्धं पाणी हवालदाराच्या पायावर.

कळण्याची_भाकरी
म्हणजे शास्त्रार्थाला वेळ मिळाला नाही की दया आपोआप होते. रच्याकने, एवढ्या प्रतिसादांत बहिणाबाई आल्या नाहीत. खान्देशी धागा असूनही! अॅडमिन, धागा रद्द करा.

मुक्ताईची_वारी
बहिणाबाई राहू द्या, आमची मुक्ताई कशी राहिली? मुक्ताईनगरकरांची तक्रार नोंदवून घ्या.

लोकांनी अपमान केला म्हणून ज्ञानदेव रागाने ताटी लावून बसले. मुक्ताई दाराबाहेरून म्हणते, "योगी पावन मनाचा । साही अपराध जनाचा. विश्व रागें झाले वन्ही । संते सुखें व्हावें पाणी." वयाने ती सगळ्यात धाकटी. मोठ्या भावाला सांगतेय. लोकांचं चुकलं नाही असं ती कुठेही म्हणत नाही. आषाढीला आमची पालखी पार मुक्ताईनगरहून पंढरपूरला चालत जाते, इतक्या लांबच्या वाटेवर कोणी धक्का दिला, कोणी चप्पल नेली, कोणी रांगेत घुसलं, की एखादी म्हातारी हमखास हीच ओळ म्हणते. कधी मनापासून, कधी टोमणा म्हणून.

आणि ठसकेदादा, "निर्दळण कंटकांचें" वरून एक विचारते. काटा पायात रुतला तर काढायचाच. पण बाभूळ उपटायला निघालेले लोक बहुतेक शेजाऱ्याच्याच बांधावर का दिसतात?

धुळ्याचा_ठसका
ताई, बांधाचं नाव काढू नका, केळीवाले जिभाऊ ऐकताहेत. जिभाऊ, आता सांगून टाका.

तळोदेकर
सर्वांचे आभार, एवढी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. पुतण्याला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. उत्तरेचा मुद्दा ऐकून तो खूश, सालदाराच्या पोराचा प्रतिसाद ऐकून गप्प.

माझ्यापुरतं सांगतो. मास्तरांनी सांगितलेल्या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे, मणी काढूनच घेतला गेला. शाप गेलेला नाही, जखम भरलेली नाही. लोक तेल देतात ते त्याची शिक्षा रद्द करायला नव्हे, जखम जळते म्हणून. म्हणजे शिक्षा चालू आणि तेलही चालू. आक्कांना असं सांगितलं तर म्हणाल्या, "एवढं बोलायला तुला पंधरा दिवस लागले?"

केळीवाले, तुमचं राहिलंय.

केळीवाला_रावेर
सांगतो. पाणी दिलं, चहाही दिला. तक्रार मात्र लगेच मागे घेतली नाही. ठसकेराव म्हणतात ते माझ्याही मनात होतं, आज केळी, उद्या डोकं. पोराने दोन रात्री कोठडीत काढल्या. मग वकिलांनी लिहिलंय तशी तडजोड केली, पण अटीवर: बांधाची मोजणी सरकारी मोजणीदाराकडून होईल, येईल ती हद्द दोघांनी मानायची, आणि रोपांचे, खताचे पैसे तो तीन हप्त्यांत देणार. मोजणीत थोडी जागा त्यांचीच आमच्याकडे निघाली. सालदाराच्या पोराने खात्याचं विचारलंय म्हणून हेही लिहितो. ती सोडून दिली.

कापलेल्या खोडांच्या बुडाशी पिलं होती, ती राखली. पिलबाग बरी आली, मुख्य बागेसारखी नाही.

दया केली की व्यवहार केला ते मला विचारू नका. आईला विचारलं तर म्हणते, मी फक्त पानी दे म्हटलं होतं, बाकी तुमचं तुम्ही केलं.

धुळ्याचा_ठसका
प्रल्हादाच्या नियमात बसतं. पहिला अपराध. मान्य. दुसरा झाला तर मला फोन करा.

कोर्टाची_पायरी
हप्ते लेखी घेतलेत का?

केळीवाला_रावेर
लेखी आहेत. दोन आले. तिसरा पोळ्यानंतर देतो म्हणालाय.

कळण्याची_भाकरी
कोणत्या पोळ्यानंतर?

केळीवाला_रावेर
ते विचारायचं राहिलं.